घरी बांधलेला व्हॉल्व्हचा गिटार अँप बोलत नसेल तर

नवा बांधलेला अँप पहिल्यांदा लावला आणि तो गप्प राहिला, किंवा गिटारऐवजी नुसता घुमायला लागला, की बहुतेकांचा हात पहिल्यांदा व्हॉल्व्हकडे जातो. दुसरा व्हॉल्व्ह मागवायचा, तोही चालला नाही की कंडेन्सर बदलायचे, मग ट्रान्सफॉर्मरवर संशय. यात पैसे जातात आणि दोष जिथल्या तिथे राहतो. नव्या बांधणीत व्हॉल्व्ह खराब निघणं तसं कमीच. दोष बहुतेक वेळा जोडणीत असतो, आणि तो मल्टिमीटरने (पुढे नुसतं मीटर) शोधता येतो. म्हणून इथे एकच आग्रह आहे: मोजल्याशिवाय काहीही बदलायचं नाही.

उदाहरणाला मी १९५० च्या दशकातल्या फेंडर चँपच्या ५एफ१ सर्किटवर बांधलेला अँप घेतो, कारण पहिल्यांदा बांधणारे बहुतेक जण तोच निवडतात. तीन व्हॉल्व्ह: पुढे १२एएक्स७ (हाच ईसीसी८३), शेवटी ६व्ही६ आणि एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर ५वाय३. आवाज पाच वॅटच्या आसपास, म्हणजे राजेंद्र नगरातल्या फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांनी दार वाजवायला पुरेसा. रेझिस्टर, कंडेन्सर, सॉकेट, वायर हे सगळं आपल्या इंदुरात महाराणी रोडवर हिंडलं की मिळतं. व्हॉल्व्ह आणि स्पीकरला जोडणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर मात्र बहुतेक वेळा बाहेरून मागवावे लागतात. परदेशी किट मागवलं असेल तर आधी ट्रान्सफॉर्मरवरचा आकडा वाचा. १२० व्होल्टची प्रायमरी (करंट आत येतो ती वायंडिंग) आपल्या २३० वर लावली तर ट्रान्सफॉर्मर काही मिनिटांतच जळेल.

आधी जीव

या अँपमध्ये साडेतीनशे व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो कंडेन्सरमध्ये साठून राहतो. घरात आरसीसीबी (गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) बसवलेला आहे म्हणून निर्धास्त राहू नका. आरसीसीबी लाइनच्या बाजूची गळती पकडतो. हा एचटी, म्हणजे जास्त व्होल्टेजचा भाग, ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या बाजूला, लाइनपासून वेगळा असतो. तुमचं एक बोट एचटीवर आणि दुसरा हात चॅसिसवर (अँपच्या धातूच्या पेटीवर) असेल तर आरसीसीबीला त्याचा पत्ताही लागणार नाही.

म्हणून १० किलोओहमचा, दहा वॅटचा रेझिस्टर घ्या, त्याच्या दोन्ही टोकांना चांगल्या इन्सुलेशनच्या वायरी आणि क्लिप लावा, उघडा भाग स्लीव्हने झाका. प्लग काढला की एक क्लिप चॅसिसला, दुसरी रेक्टिफायरनंतरच्या पहिल्या फिल्टर कंडेन्सरच्या धन टोकाला. पाच-सहा सेकंद धरा आणि मग मीटरने मोजा. दोन-चार व्होल्टच्या वर काही दिसलं तर पुन्हा धरा. स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी काढण्याची सवय लावून घेऊ नका. त्यात कंडेन्सर बिघडतो आणि धातू वितळून उडतो. पहिल्या कंडेन्सरला समांतर २२० किलोओहमचा दोन वॅटचा रेझिस्टर कायमचा बसवला तर मिनिट-सव्वा मिनिटात तो आपोआप रिकामा होतो, पण तरीही मोजायचंच.

चालू अँपमध्ये मोजताना मीटरची काळी वायर क्लिपने चॅसिसला अडकवायची, लाल टोक एका हाताने धरायचं आणि दुसरा हात खिशात ठेवायचा. पायात रबरी चपला, अंगठी आणि कडं काढून ठेवलेलं, आणि घरात कुणीतरी जागं असावं. रात्री दोन वाजता एकट्याने हे काम करू नये.

आता अर्थिंग. राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या घरांमध्ये तीन पिनचं सॉकेट असतं, पण वरच्या भोकामागे वायरच नसते. मीटर एसीवर ठेवून फेज आणि अर्थ यांच्यात मोजा: २३० च्या आसपास यायला हवं. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात जेमतेम दोन-चार व्होल्ट. पहिला आकडा शून्य किंवा भलताच आला तर अर्थिंग नाही, आणि तोवर अँप लावायचा नाही. गिटारची तार थेट चॅसिसला जोडलेली असते. ट्रान्सफॉर्मरची गळती झाली तर ती तुमच्या बोटांत येते. घूं कमी व्हावी म्हणून अर्थची पिन काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर तो मानू नका, मग सांगणारा कितीही जुना जाणकार असो.

प्लग न लावता

इथे भरपूर वेळ द्या, कारण निम्मे दोष इथेच सापडतात. सर्किटच्या चित्राची एक प्रत छापून घ्या आणि प्रत्येक वायर बोटाने धरून, मीटरच्या बीपने तपासून, चित्रावर रंगीत पेनाने ती रेघ गिरवत जा. नुसतं बघून समाधान मानू नका. आपणच जोडलेली चूक डोळ्याला बरोबरच दिसते.

सॉकेटच्या पिना उलट मोजल्या जाणं ही नवख्यांकडून सर्रास होणारी गोष्ट आहे. डाग (सोल्डर) देण्याच्या बाजूने, म्हणजे खालून पाहिलं, तर पिना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजायच्या. वरून पाहिलेलं चित्र घेऊन खालून वायरिंग केलं तर सगळं आरशातल्यासारखं उलटं बसतं. हीटर कॅथोडला तापवतो, कॅथोडमधून निघालेले इलेक्ट्रॉन प्लेटकडे जातात, आणि ग्रिड त्यांना कमीजास्त करते. १२एएक्स७ मध्ये अशी दोन अर्धी असतात. त्याला ४ आणि ५ एकत्र आणि ९ वेगळी, हे हीटर. १ आणि ६ प्लेट. २ आणि ७ ग्रिड. ३ आणि ८ कॅथोड. ६व्ही६ ला २ आणि ७ हीटर, ३ प्लेट, ४ स्क्रीन (प्लेटच्या आतली दुसरी जाळी), ५ ग्रिड, ८ कॅथोड. ५वाय३ ला ४ आणि ६ वर ट्रान्सफॉर्मरची एचटी, २ आणि ८ वर पाच व्होल्टचं हीटर, आणि डीसी ८ वरून निघतो.

इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरची दिशा दोनदा बघा. पट्टी असते ती ऋण बाजू. उलटा बसवलेला ४५० व्होल्टचा कंडेन्सर फुटतो, आणि त्यातलं द्रव डोळ्यात गेलं तर इजा होते. पहिल्यांदा चालू करताना चष्मा घाला. जुन्या रेडिओतून काढलेले इलेक्ट्रोलिटिक आणि मेणाचे कागदी कंडेन्सर वापरूच नका. त्या रेडिओचे व्हॉल्व्ह, सॉकेट, चोक जपून ठेवा, पण कंडेन्सर नवे घ्या, आणि मिळाले तर ५०० व्होल्टचे. ५वाय३ च्या लगेच मागे २० मायक्रोफॅरडच्या आसपासच थांबा. घूं जाईल म्हणून तिथे १०० चा लावला की दर वेळी चालू करताना रेक्टिफायरवर मार बसतो आणि एक दिवस आत ठिणगी पडते.

मग डागांकडे या. चांगला डाग चकचकीत आणि पसरलेला असतो, वायरीची आकृती त्यातून कळते. ड्राय डाग गोळीसारखा उभा राहतो. शंका आली तर थोडा फ्लक्स लावून पुन्हा गरम करा. शेवटी मीटर ओहमवर ठेवून एचटी आणि चॅसिस यांच्यात बघा: आकडा हळूहळू वर चढत जाऊन दोनशे किलोओहमच्या आसपास किंवा त्याच्याही वर थांबला पाहिजे. शे-दोनशे ओहमवर अडकला तर कुठेतरी शॉर्ट आहे. पुढे जाऊ नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी काहीशे ओहम दाखवते, आणि आठ ओहमचा स्पीकर मीटरवर सहा-सात ओहम दिसतो. त्यात काही वावगं नाही.

सिरीज बल्ब

जुन्या रेडिओ मेकॅनिकच्या टेबलावर सिरीज बोर्ड असायचाच. फेजच्या वायरीत एक होल्डर, त्यात ६० वॅटचा तारेचा बल्ब, आणि त्याच्या पुढे सॉकेट. एलईडी बल्ब इथे चालत नाही. तारेचे बल्ब इलेक्ट्रिकच्या दुकानात विचारले तर अजून मिळतात. दोन-तीन घेऊनच ठेवा. अँपमध्ये शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि अँपला करंट मिळत नाही. सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळून मंद होतो.

पहिली फेरी सगळे व्हॉल्व्ह काढून. बल्ब जवळजवळ विझलेला राहिला पाहिजे. तो भगभगीत पेटला तर दोष ट्रान्सफॉर्मरमध्ये किंवा हीटरच्या वायरिंगमध्ये. हीटरच्या पिनांवर एसी मोजा. लोड नसल्यामुळे ६.३ ऐवजी सातच्या आसपास दिसेल, ते ठीक. एचटीची दोन्ही टोकं एकदम मोजू नका. ३२५-०-३२५ च्या वायंडिंगमध्ये तिथे ६५० व्होल्ट असतात आणि स्वस्त मीटरच्या वायरी त्या लायकीच्या नसतात. मधल्या टॅपपासून एकेक बाजू मोजा. दोन्ही सारख्या हव्यात. ट्रान्सफॉर्मर गावातल्या वायंडिंगवाल्याकडून करून घेतला असेल तर रंगांवर विश्वास ठेवू नका, प्रत्येक जण आपल्याकडच्या वायरीचा रंग वापरतो.

दुसऱ्या फेरीत तिन्ही व्हॉल्व्ह एकदम बसवा आणि स्पीकर जोडा. फक्त रेक्टिफायर लावून बघण्याचा मोह होतो, पण लोड नसताना डीसी ३२५ च्या १.४ पट, म्हणजे ४६० व्होल्टकडे चढतो आणि ४५० चे कंडेन्सर धोक्यात येतात. स्पीकरशिवाय तर अँप कधीच चालू करू नये: आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज उसळतं आणि त्याचं इन्सुलेशन फाटतं. आवाज नको असेल तर स्पीकरच्या जागी आठ ओहमचा दहा-वीस वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर लावा.

आता दिवे घालवून व्हॉल्व्हकडे बघा. हीटरचा नारिंगी उजेड आतून, मधून येतो. १२एएक्स७ चं एकच अर्ध पेटलं तर ४ किंवा ५ नंबरच्या पिनेवरचा डाग सुटलेला आहे. ६व्ही६ ची बाहेरची करडी प्लेट काळसरच राहिली पाहिजे. तिच्या मधोमध विटकरी लाल ठिपका उमटून पसरायला लागला तर ताबडतोब बंद करा. बाहेरची प्लेट काळी आणि आतल्या बारीक तारांची जाळी तेवढी लालबुंद दिसत असेल तर गोष्ट वेगळी: प्लेटला व्होल्टेज पोचत नाहीये, सगळा करंट स्क्रीन ओढतेय. आउटपुट ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी तुटली असेल, किंवा पिन ३ ची वायर सुटली असेल.

आकडे वाचायचे कसे

बल्बवर सगळं शांत राहिलं की बल्ब काढा आणि एक अँपिअरच्या स्लो-ब्लो फ्यूजवर थेट चालवा. साधा फ्यूज चालू करतानाच्या धक्क्यानेच उडतो. बल्ब असताना घेतलेले आकडे कमी येतात, म्हणून खरी मोजणी आताच.

६व्ही६ च्या पिन ८ वर लाल टोक ठेवा. समजा १९ व्होल्ट आले आणि कॅथोडचा रेझिस्टर ४७० ओहमचा आहे. १९ भागिले ४७० म्हणजे ४० मिलिअँपिअर. पिन ३ वर ३४० व्होल्ट आले तर व्हॉल्व्हवर पडलेले ३४० वजा १९, म्हणजे ३२१ व्होल्ट. स्क्रीनचे दोन-तीन मिलिअँपिअर वजा केले तर प्लेटवर साधारण १२ वॅट जळताहेत. ६व्ही६ ची जुनी मर्यादा १२ वॅट, नंतरच्या ६व्ही६जीटीए ची १४. म्हणजे अँप काठावर चालतोय, आणि या सर्किटमध्ये तसंच असतं. हिशेब १४ च्या पुढे गेला तर ४७० च्या जागी ५६० किंवा ६८० ओहम लावा, तीन ते पाच वॅटचा.

हा हिशेब इंदुरात जास्तच गरजेचा आहे, कारण ट्रान्सफॉर्मर २२० वर बांधलेला असतो आणि रात्री लोड उतरला की लाइन २४० च्या वर जाते. तेव्हा हीटरही ६.३ च्या वर चढतो. ५.७ ते ६.९ एवढं चालतं. त्याच्या वर जात असेल तर वायंडिंगवाल्याला २४० चा वेगळा टॅप काढायला सांगा. मोजताना भिंतीतलं व्होल्टेजही शेजारी लिहून ठेवा, नाहीतर दुपारचे आणि रात्रीचे आकडे जुळणार नाहीत आणि तुम्ही नसलेला दोष शोधत बसाल.

पिन ८ वर शून्य आलं तर व्हॉल्व्हमधून करंटच जात नाही: पिन ३ आणि ४ वर एचटी आहे का, हीटर पेटलाय का, ते बघा. पिन ८ वर तीस-चाळीस आलं तर ग्रिड बघा. पिन ५ वर डीसी शून्य असायलाच हवा. एखाद-दोन व्होल्ट धन आला तर व्हॉल्व्ह काढून बल्बवर क्षणभर पुन्हा मोजा. व्हॉल्व्ह नसतानाही धन राहिला तर १२एएक्स७ कडून येणारा कपलिंग कंडेन्सर (आवाज पुढे सोडणारा, डीसी अडवणारा) गळतोय. व्हॉल्व्ह काढल्यावर शून्य झाला तर दोष व्हॉल्व्हचा. नवा व्हॉल्व्ह मागवण्याची हीच ती वेळ.

१२एएक्स७ चे दोन आकडे एकमेकांची साक्ष देतात. प्लेटला १०० किलोओहम आणि कॅथोडला दीड किलोओहम, दोन्हीतून एकच करंट जातो. कॅथोडवर दीड व्होल्ट म्हणजे एक मिलिअँपिअर, म्हणजे प्लेटच्या रेझिस्टरवर १०० व्होल्ट पडलेच पाहिजेत. कॅथोडवर दीड आणि प्लेटच्या रेझिस्टरवर फक्त चाळीस पडताना दिसले तर दोनपैकी एक रेझिस्टर चुकीच्या किमतीचा आहे. रंगपट्ट्या पुन्हा वाचा. प्लेटवर पूर्ण एचटी आणि कॅथोडवर शून्य म्हणजे ते अर्ध चालतच नाही.

व्होल्टेज सगळी बरोबर आणि आवाज नाही, असं असेल तर मागून पुढे या. व्हॉल्यूम पूर्ण ठेवून मीटरचं टोक ६व्ही६ च्या पिन ५ ला टेकवा: स्पीकरमधून हलकी टिक. मग १२एएक्स७ च्या पिन ७ ला: मोठी. मग पिन २ ला: त्याहून मोठी. जिथे टिक थांबते तिथून स्पीकरच्या बाजूला दोष आहे. सगळीकडे टिक येतेय आणि गिटार येत नाही, तर इनपुट जॅक बघा. त्याचा शॉर्ट करणारा पत्रा प्लग घातल्यावर उघडतो का, ते मीटरच्या बीपने कळेल.

घूं, शिट्टी, फट्‌फट्

घूं ऐकताना गिटार हाताशी ठेवा. आपली लाइन ५० हर्ट्झची. रेक्टिफायरनंतर तिचे १०० होतात. गिटारच्या सहाव्या तारेचा तिसरा पडदा ९८ हर्ट्झचा आहे. घूं त्याच्या अगदी जवळ, किंचित वर असेल तर ती १०० ची, म्हणजे फिल्टर कंडेन्सर किंवा त्यांचं ग्राउंड. त्याच्या एक सप्तक खाली असेल तर ५० ची, म्हणजे हीटरच्या वायरी, ग्राउंडची जोडणी किंवा ट्रान्सफॉर्मरची जागा. अमेरिकन पुस्तकातले ६० आणि १२० इथे लावू नका.

व्हॉल्यूम शून्य केला आणि घूं गेली, तर ती पहिल्या अर्ध्यातून येतेय. राहिली तर अँप बंद करून १२एएक्स७ काढा आणि पुन्हा लावा. तरीही राहिली तर पॉवर सप्लाय किंवा ६व्ही६. हीटरच्या वायरींना पीळ घातलेला हवा आणि त्या चॅसिसच्या कोपऱ्यातून न्यायच्या, ग्रिडच्या वायरींपासून लांब. हीटरला मधला टॅप नसेल तर दोन टोकांपासून ग्राउंडला १००-१०० ओहमचे दोन रेझिस्टर हवेत. सुदामा नगरातला एक मुलगा असाच घुमणारा अँप घेऊन आला होता, कंडेन्सर दोनदा बदललेले. त्या दोनपैकी एका रेझिस्टरचं टोक सॉकेटला नुसतं टेकलेलं होतं, डाग दिलेलाच नव्हता. या दोन रेझिस्टरांचं ग्राउंडकडचं टोक ग्राउंडऐवजी ६व्ही६ च्या कॅथोडला जोडलं तर हीटर त्या १९ व्होल्टवर उचलला जातो आणि उरलीसुरली घूं आणखी उतरते. दोन ट्रान्सफॉर्मर एकमेकांशी काटकोनात बसवा. एकट्या ६व्ही६ च्या अँपमध्ये थोडी घूं राहतेच. वाजवताना ऐकू येत नसेल तर तिच्या मागे लागू नका.

चालू करताक्षणी कर्कश शिट्टी आली तर स्पीकरपासून मागे येणारी फीडबॅकची वायर सोडून बघा. शिट्टी थांबली, तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर उलटा जोडलाय: अँप बंद करून, कंडेन्सर रिकामे करून, प्रायमरीच्या दोन वायरी अदलाबदल करा. फीडबॅक सोडूनही शिट्टी राहिली तर प्लेट आणि ग्रिडच्या वायरी एकमेकींना खेटून गेल्या आहेत. मोटरसायकलसारखं फट्‌फट् येत असेल तर दोष एचटीच्या वाटेतल्या १० आणि २२ किलोओहमच्या रेझिस्टरांनंतरच्या फिल्टर कंडेन्सरांमध्ये.

मधूनच येणारी करकर शोधायला सुक्या बांबूची लांब काडी घ्या आणि चालू अँपमध्ये एकेक डाग, एकेक वायर हळूच ढकला. पेन्सिल कधीच वापरू नका, तिच्या आतल्या शिशातून करंट वाहतो. व्हॉल्व्हला टिचकी मारल्यावर घंटेसारखा आवाज आला तर तो व्हॉल्व्ह मायक्रोफोनिक आहे, पुढच्या जागेवर त्याचा उपयोग नाही. व्हॉल्यूम फिरवताना खरखर येत असेल तर स्प्रे मारण्याआधी पॉटच्या (व्हॉल्यूमच्या फिरत्या रेझिस्टरच्या) टोकावर डीसी मोजा. डीसी सापडला तर पॉट चांगला आहे, त्याच्या आधीचा कंडेन्सर गळतोय. पावसाळ्यात जुन्या बेकेलाइट सॉकेटांवर धूळ आणि ओल मिळून पिना ३ आणि ५ यांच्यात गळती होते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, नीट वाळवून मगच लावा.

आवाज स्वच्छ आला की अँप कॅबिनेटमध्ये घालायच्या आधी दोन तास सलग चालवा आणि शेवटी पिन ८ पुन्हा मोजा. सुरुवातीच्या आकड्यापेक्षा तो चढत चाललेला असेल तर अजून काम बाकी आहे. स्थिर असेल तर सगळे आकडे, तारीख आणि लाइनचं व्होल्टेज एका कागदावर लिहून कॅबिनेटच्या आत चिकटवा. पुढचा दोष आला की त्याच कागदापासून सुरुवात करायची.